दऱ्या, दर्या आणि अर्धी गोळी

'दऱ्या' आणि 'दर्या' या दोन शब्दांत छापील पान वाचणाऱ्याची गफलत होत नाही. संगणकात मात्र 'ऱ्य'मधला र दोन तऱ्हांनी साठवला जातो. कधी खाली टिंब असलेला ऱ वापरतात, तर कधी साध्या र् च्या मागे 'झिरो विड्थ जॉइनर' नावाचं न दिसणारं चिन्ह ठेवतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. मजकुराचं ब्रेल करणाऱ्या सॉफ्टवेअरने ते अदृश्य चिन्ह मुकाट गाळलं, तर डोंगरातल्या दऱ्यांचा ब्रेलमध्ये समुद्र होतो.

ब्रेलच्या सहा ठिपक्यांतून जेमतेम ६३ आकृत्या मिळतात. त्यामुळे एकाच आकृतीला अनेक कामं करावी लागतात, आणि कुठे कोणतं काम हे आजूबाजूच्या खुणांवरून ठरतं. १९५१ साली स्वीकारलेल्या भारती ब्रेलमध्ये ऊ हे अक्षर आणि त्याची मात्रा यांचे ठिपके एकच आहेत. म्हणून 'मऊ' लिहिताना म आणि ऊ यांच्यामध्ये अ घालावा लागतो. अक्षरामागे अक्षर बदलत जाणारं सॉफ्टवेअर हा अ विसरलं, की 'मऊ भात'चा 'मू भात' होतो. क आणि इंग्रजी के, म आणि इंग्रजी एम यांचेही ठिपके तेच. इथून इंग्रजी सुरू झालं ही खूण द्यायची राहून गेली, तर किलोमीटरसाठी लिहिलेली के-एम ही अक्षरं मराठी वाचकाच्या बोटाला 'कम' अशीच लागणार.

या चुका निदान संदर्भाने सावरता येतात. डॉक्टरांची चिठ्ठी तशी सावरता येत नाही. 'गोळी १–०–१' म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. इथली रेघ दर वेळी कीबोर्डवरचा साधा हायफन असतेच असं नाही. टाइप करताना वर्ड प्रोसेसर कधीकधी तिची लांब रेघ करून टाकतो, आणि कोणत्या चिन्हाचे ठिपके कोणते हे सॉफ्टवेअरला सांगणाऱ्या तक्त्यात ती नसली तर वाचकाला १०१ मिळतात. '½ गोळी'चंही तेच. युनिकोडमध्ये ½ हे एकच चिन्ह आहे. ते गळलं, की उरते नुसती 'गोळी'.

मजकुराचं ब्रेल करणारं लिबलुई हे मुक्त सॉफ्टवेअर एनव्हीडीएसारख्या स्क्रीन रीडरमध्येही वापरलं जातं. ओळखीचं नसलेलं चिन्ह आलं, की ते सहसा त्या चिन्हाचा युनिकोड क्रमांक ठिपक्यांत उमटवतं. वाचताना तो त्रासदायक वाटतो, म्हणून तो बंद करण्याची सोयही त्यात आहे. ही सोय औषधांच्या, हिशेबाच्या आणि परीक्षेच्या मजकुरात कोणीही वापरू नये. विचित्र क्रमांक लागला तर वाचक थांबतो, कोणाला तरी विचारतो. चिन्ह नाहीसंच झालं, तर विचारायचं काय हेही त्याला कळत नाही.

लिपी थांबून राहत नाही. 'ॲ' युनिकोडमध्ये २००८ साली आला, रुपयाचं चिन्ह २०१० साली. इंग्रजीत असे प्रश्न एकत्र बसून सोडवले गेले. अमेरिकेतल्या जुन्या नियमांत डॉलर आणि पूर्णविराम यांचे ठिपके एकच होते. एकत्रित इंग्रजी ब्रेलने डॉलरला स्वतंत्र खूण दिली, आणि ४ जानेवारी २०१६ला, लुई ब्रेल यांच्या जन्मदिनी, अमेरिकेने ती पद्धत लागू केली. मराठीतही प्रत्येक नव्या चिन्हाचं ब्रेल रूप अधिकृतपणे ठरायला हवं, आणि ते ठरवताना रोज ब्रेल वाचणारी माणसं टेबलाशी हवीत.

प्रकाशकांचाही यात वाटा आहे. २०१२च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायदा अंध वाचकांसाठी सुलभ प्रत करू देतो. पण हाती येणारी फाइल जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधली असेल तर ती परवानगी फारशी कामाला येत नाही. त्या फाँटमधला 'क' संगणकाच्या लेखी भलतंच रोमन अक्षर असतो आणि ब्रेलही त्याचंच निघतं. पाठ्यपुस्तकाची छपाईची फाइल तयार होते त्याच दिवशी तिची शुद्ध युनिकोड प्रत ब्रेल छापखान्याकडे जावी, अशी अट शासनाने घालायला हवी.

आणखी एक काम तर याच महिन्यात होऊ शकतं. ऱ्य, ॲ, ₹, ½, लांब रेघ, अंशाचं चिन्ह, ई-मेलमधलं @ आणि 'मऊ'सारखे शब्द घेऊन वीस-पंचवीस ओळींचा एक चाचणी-मजकूर करावा. लिबलुईचे तक्ते सर्वांना खुले आहेत, कोणीही दुरुस्ती सुचवू शकतो. मराठीचा तक्ता बदलला, की हा मजकूर त्यातून काढून ब्रेल वाचणाऱ्या दोघा-तिघांच्या हाती द्यावा, आणि त्यांनी होकार दिल्यावरच नवी आवृत्ती शाळांत पाठवावी.