दोन किल्ल्यांचा लेझर

आमच्या वडगाव निंबाळकरात घरातली एखादी वस्तू कुणी उघडली, की ती परत बंद होईल का, ही काळजी आधी करतात. आत काय आहे, हे कुणी विचारत नाही. धाकट्या पुतण्याने दिवाळीच्या सुट्टीत बंद पडलेल्या कॉम्प्युटरचा डीव्हीडी रायटर उघडला. आतून हरभऱ्याच्या दाण्याएवढा डायोड काढला, माझ्या बॅटरीच्या नळकांड्यात बसवला (ही बॅटरी हरवली म्हणून मी दोन महिने सौ.ला बोलत होतो) आणि तिन्हीसांजेला ओट्यावर सगळ्यांना गोळा करून, हातभर लांब धरलेली आगकाडी नुसत्या लाल झोताने पेटवून दाखवली.

काडी विझायच्या आत घरात दोन पक्ष पडतील असं मला वाटलं होतं. एकच पडला. दादा म्हणाला, "धाव्वीचं वर्ष हाय आन् ह्यो काय उद्योग?" वहिनी म्हणाल्या, "कुनाचा तरी डोळा फुटंल." शेजारचे तात्या म्हणाले, "ठाणं गावातच हाय, धरून न्यायला लांब जायाला नको." आणि निवाडा माझ्याकडे आला. का, तर मी बँकेत. बँकेतल्या माणसाला धोका कळतो अशी एक समजूत आहे. प्रत्यक्षात मी बी.कॉम. माणूस, प्रकाश या विषयाशी माझा संबंध महिन्याच्या वीजबिलापुरता. मी नेहमीप्रमाणे "बघू" म्हणालो. बँकेत या शब्दावर वीस वर्षं निघतात. पण तेव्हा जे बोललो नाही, ते आता बोलतो.

पहिला आक्षेप, "हे आपलं काम नव्हे." वा रे वा! आमच्यापासून बारामती हाकेच्या अंतरावर. तिथे १९३८ साली चंद्रकुमार नारणभाई पटेल नावाचं मूल जन्मलं. ते पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९५८ साली पदवी घेऊन अमेरिकेला गेलं. १९६० साली तिकडे मायमन नावाच्या गृहस्थांनी माणिकाच्या कांडीतून जगातला पहिला लेझर काढला होता. चारच वर्षांत आमच्या बारामतीकराने कार्बन डायऑक्साइडमधून लेझर काढला. सोड्याच्या बाटलीतला आणि मळी आंबताना बुडबुडे येतात तोच हा वायू! त्या झोताने पोलादाचे पत्रे कापतात, माणसावर शस्त्रक्रिया करतात, आणि झोत स्वतः डोळ्याला दिसतसुद्धा नाही. १९७१ साली एका अमेरिकन मासिकाने हा लेझर हौशी माणसाने घरी कसा करावा, ते छापलं. म्हणजे बारामतीत जन्मलेल्या माणसाचा लेझर तिकडची पोरं गॅरेजात करून बघू शकत होती, आणि इकडे आमच्या पोराला "आपलं काम नव्हे"! मग कुणाचं? आमच्या शाखेत माझ्या उजव्या हाताला दिवसभर लेझर प्रिंटर घरघरतो. रानात ट्रॅक्टरमागे लेझर लावून लोक जमीन सपाट करून घेतात. त्या वेळी कुणी ठाण्याचं नाव काढत नाही. विकत आणलेला लेझर म्हणजे प्रगती आणि पोराने केलेला म्हणजे उपद्व्याप, हा हिशेब कुठल्या खतावणीत बसतो?

अभ्यासाचं म्हणाल, तर त्याने पहिले दोन डायोड जाळले. डायोड तापला की जास्त करंट ओढतो, करंट ओढला की आणखी तापतो आणि जळतो. (आमच्याकडची काही कर्जखाती हुबेहूब याच वळणाची आहेत.) म्हणून त्याने एलएम ३१७ नावाची तीन पायांची चकती मध्ये घातली. सव्वा व्होल्टला पाच ओहमने भागा, २५० मिलिअँपिअर. त्याच्यावर ती एक कण पुढे सोडत नाही; साहेबांचा फोन आला तरी नाही. असा कॅशियर मी उभ्या नोकरीत पाहिला नाही. हे गणित पोराने परीक्षेसाठी नाही, तिसरा डायोड वाचवायला केलं.

आता वहिनींचा आक्षेप. इथे मात्र मी पुतण्याचा वकील नाही. वहिनी बरोबर आहेत, आणि त्यांना वाटतं त्याहून जास्त बरोबर आहेत. पोराच्या झोताची ताकद दोनशे मिलिवॅटच्या आसपास. साध्या लेझर पॉइंटरला पाचच खूप झाले. चाळीस पट! दोनशे मिलिवॅट म्हणजे वॅटचा पाचवा हिस्सा, झिरोचा दिवासुद्धा याहून दांडगा. पण दिवा सगळ्या खोलीला वाटून देतो आणि लेझर सगळी रक्कम एकाच खात्यावर भरतो. डोळ्यातलं भिंग ती आणखी आवळून पडद्यावरच्या टाचणीच्या टोकाएवढ्या जागेवर टाकतं. पापणी मिटायला पाव सेकंद लागतो. एवढ्या झोतापुढे तोवर खेळ संपतो. पडदा भाजताना दुखत नाही, आणि मग चष्म्याने तो डाग जात नाही. हे सगळं मला पोरानेच सांगितलं, काडी पेटवल्यानंतर. आधी सांगायला हवं होतं, म्हणून एक धपाटा मीही दिला.

पण हीच काळजी भाद्रपदात कुठे जाते? तेव्हा मिरवणुकीच्या ट्रकवरून याहून मोठे झोत सरळ गर्दीच्या तोंडावर सोडतात आणि आम्ही पोरांना खांद्यावर घेऊन वर बघायला लावतो. २०२३ च्या विसर्जनानंतर पडदा भाजलेले तरुण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले, पेपरात आलं. २०२४ साली पुण्यात पोलिसांना या झोतांवर बंदी घालावी लागली. आमच्या ओट्यावर जमलेल्यांपैकी असल्या ट्रकाला वर्गणी न दिलेला एकही नव्हता. माझीही पावती आहे, पाचशे एकची. पोराने काडी पेटवली भिंतीकडे तोंड करून. ट्रकवाल्याला भिंत लागत नाही, त्याला माणसं लागतात. ठाण्याची वाट कुणाला दाखवायची ते तात्यांनीच ठरवावं.

शेवटी मी निकाल दिला, बँकेच्या पद्धतीने. लेझर माझ्या लोखंडी पेटीत. पेटीला दोन कुलपं, एक किल्ली पोराकडे, एक माझ्याकडे. दोघं हजर असल्याशिवाय तिजोरी उघडायची नाही. समोर भिंत, घरातली बाकीची मंडळी बाहेर, आरसा-ताटं झाकलेली आणि डोळ्याला त्याच लाल रंगाचा झोत अडवणारा खास चष्मा. जेजुरीच्या जत्रेतला गॉगल चालणार नाही. पोराने सांगितलेला चष्मा दहा हजारातला एकच भाग आत सोडतो. दोन चष्मे लागणार होते. पैसे कोण देणार म्हटल्यावर सगळ्यांनी पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"बघू," मी म्हणालो. तर पोरगं म्हणतं, "काका, यंदाची वर्गणी दिली का तुम्ही?"

नव्हती दिली. चष्मे आले. मंडळाची पोरं पावतीपुस्तक घेऊन दोनदा येऊन गेली, सौ. त्यांना सांगते, ते तिजोरीत आहेत.