सरासरीचे कान

आपल्या पत्रिकेच्या गेल्या अंकात एका ज्येष्ठ सभासदांनी हेडफोनवर कडाडून टीका केली. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की कानांवर टोपल्या चढवून एकट्याने ऐकणे हे ऐकणेच नव्हे. संगीत सभागृहात ऐकावे, नाही तर घरातल्या मोठ्या स्पीकरांवर चार माणसांत ऐकावे. आणि हेडफोनमधून सभागृहाचा भास निर्माण करण्याचे नवे तंत्र ही निव्वळ धूळफेक आहे. लेखकाविषयी आम्हांस आदर आहे. त्यांच्या म्हणण्यातला पहिला भाग आम्ही अर्धा मान्य करतो. शेवटचा मात्र मुळीच मान्य करीत नाही, आणि का करीत नाही हे सविस्तर सांगणे अगत्याचे वाटते. कारण या एका गैरसमजापायी आपण एक मोलाची गोष्ट हातची घालवून बसण्याचा संभव आहे.

अर्धा मान्य अशासाठी, की चार माणसांत ऐकण्याचे सुख आम्हांसही ठाऊक आहे. परंतु सिल्वासात आज आपण राहतो कसे? भिंतीला भिंत लागून. शेजारचा मुलगा कारखान्यातून रात्रपाळी करून येऊन सकाळी नुकता आडवा झालेला असतो, पलीकडे परीक्षेचा अभ्यास चाललेला असतो. अशा घरात पाच-सात स्पीकर मांडून भैरव ऐकणारा गृहस्थ रसिक म्हणावा की उपद्रवी, हे ज्याचे त्याने ठरवावे. शिवाय, रंगभूमीचा आवाज दूर बसून कानाशी धरलेल्या यंत्रातून ऐकण्याची हौस काही आजची नव्हे. पॅरिसच्या १८८१ च्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी तेथल्या ऑपेराच्या मंचावरून टेलिफोनच्या तारा आणल्या होत्या आणि प्रेक्षक दोन्ही कानांना एकेक यंत्र लावून गाणे ऐकत होते. दोन कानांना दोन तारा दिल्या, तर गाणारा डावीकडे आहे की उजवीकडे हे कळते, हे तेव्हाच लोकांच्या ध्यानात आले होते.

मग हेडफोनचे दुखणे कोठे आहे? ज्येष्ठ सभासदांनी ते एकटेपणात शोधले. आमच्या मते ते कानाच्या मोजमापात आहे.

दोन स्पीकरांसमोर आपण बसतो तेव्हा डाव्या स्पीकरचा आवाज केवळ डाव्या कानात शिरत नाही. तो उजव्याही कानाला पोहोचतो. मात्र किंचित उशिरा आणि मस्तकाची आड आल्यामुळे किंचित क्षीण होऊन. आवाज अगदी बाजूने आला तरी हा उशीर सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दोनतृतीयांशाहून अधिक नसतो. पण तेवढ्यावरून मेंदू दिशा ठरवतो. लॉर्ड रॅले यांनी १९०७ मध्ये ही उपपत्ती मांडली. तीत एक उणीव होती. नाकासमोरून येणारा आवाज आणि पाठीमागून येणारा आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी पोहोचतात. तरीही आपण त्यांत गल्लत करीत नाही. हे काम बाह्यकर्णाचे. त्याच्या वळ्या, खाचा, कंगोरे हे वरच्या पट्टीतले काही स्वर दाबतात, काही उचलून धरतात, आणि आवाज ज्या दिशेने येईल त्याप्रमाणे ही दाबादाबी बदलते. जन्मापासून आपला मेंदू आपल्याच कानांची ही लिपी वाचावयास शिकलेला असतो. हेडफोन लावला की मस्तकाची आड गेली, दुसऱ्या कानाला पोहोचणारा आवाज गेला, खोलीच्या भिंतींवरून येणारे पडसाद गेले आणि दिशेची लिपीही गेली. म्हणून गवई डोक्याच्या आत, दोन भुवयांच्या मध्ये बसून गातो असे वाटते. वैताग येतो तो याचा.

आता बाजारातल्या उपायाकडे वळू. 'चहूबाजूंचा ध्वनी' म्हणून जे खपते त्यातल्या पुष्कळशा मालात ही हरवलेली लिपी परत घातलेली असते, परंतु ती कोणाची? एखाद्या पुतळ्याची. अमेरिकेत १९७२ मध्ये 'केमार' नावाचा पुतळा तयार झाला. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या मापांची सरासरी काढून त्याचे मस्तक आणि धड बेतलेले आहे. एमआयटी या संस्थेत १९९४ मध्ये त्याच्या कानांत मायक्रोफोन बसवून ७१० दिशांनी मापे घेण्यात आली आणि ती सर्वांना खुली केली गेली. शास्त्राच्या दृष्टीने हे काम मोठेच. पण त्या सरासरीच्या कानांनी तुम्हीआम्ही ऐकावे, असे म्हणणे ही निराळी गोष्ट झाली.

आम्ही महसूल खात्यात आयुष्य काढले, तेव्हा सरासरी काय चीज आहे ते आम्हांस कोणी शिकवावयास नको. गावाची पैसेवारी (जुनी माणसे अजून आणेवारीच म्हणतात) कशी निघते? काही शेते निवडून पीककापणी करावयाची, उत्पन्नाची सरासरी काढावयाची. आकडा पन्नास पैशांच्या खाली आला तर टंचाईच्या सवलती, वर गेला तर नाहीत. साठ पैसे निघालेल्या गावात ओहोळाकाठच्या एखाद्या वारल्याचे भात मुळासकट वाहून गेलेले असले, तरी कागदोपत्री तो सुखी. राज्यकारभाराला सरासरीवाचून गती नाही हे खरे. पण ज्याचे शेत बुडाले त्याला जाऊन 'गावाची सरासरी बरी आहे' असे सांगण्याचे काम ज्याने केले आहे, तो सरासरीच्या कानांवर सहजासहजी विश्वास ठेवणार नाही. डेव्हिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाने २००१ मध्ये ४५ मस्तकांची, प्रत्येकी १२५० दिशांची मापे प्रसिद्ध केली. माणसागणिक कान केवढा बदलतो हे त्यांत स्पष्ट दिसते. आणि परके कान लावले की काय होते तेही १९९३ मध्ये एलिझाबेथ वेन्झेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले आहे: डावे-उजवे बऱ्यापैकी जमते, पण पुढचे मागे आणि वरचे खाली अशी गल्लत वाढते. दुकानात पाच मिनिटे ऐकून 'काही विशेष नाही' म्हणत परत येणारा आमचा मित्रवर्ग हीच तक्रार करीत असतो.

ज्या तंत्राला ज्येष्ठ सभासदांनी धूळफेक म्हटले ते हे नव्हे. ते अगदी याच्या उलट आहे. त्यात प्रत्यक्ष तुमचे कान मोजले जातात. चांगल्या दालनात, चांगल्या स्पीकरांच्या मधोमध तुम्ही बसावयाचे. दोन्ही कानांच्या तोंडाशी तांदळाच्या दाण्यासारखे बारीक मायक्रोफोन ठेवतात. मग एकेका स्पीकरमधून मंद्रापासून अतितारापर्यंत चढत जाणारा एक सूर सोडतात आणि तो तुमच्या मस्तकावरून, कानांच्या वळ्यांवरून, त्या दालनाच्या भिंतींवरून फिरून कानाच्या तोंडाशी कसा पोहोचला ते टिपून घेतात. पुढे मायक्रोफोन तसेच ठेवून वर हेडफोन चढवतात आणि तोच सूर पुन्हा वाजवतात, म्हणजे हेडफोनचा स्वतःचा रंग किती आहे ते कळून तो वजा करता येतो. मान डावीकडे, समोर, उजवीकडे अशी ठेवून हे सारे पुन्हा होते; कारण ऐकताना मान हलली की आवाज तिच्याबरोबर फिरता कामा नये, जागच्या जागी राहिला पाहिजे. एवढी मापे हाती आली की कोणतेही ध्वनिमुद्रण त्यांच्यातून गाळून हेडफोनमध्ये सोडावयाचे. फ्रेडरिक वाइटमन आणि डोरिस किस्लर या शास्त्रज्ञांनी १९८९ मध्येच सिद्ध केले, की अशा रीतीने ज्याच्या त्याच्या कानांच्या मापांवरून दिलेला आवाज श्रोता जवळजवळ प्रत्यक्ष स्पीकरइतक्याच अचूकपणे अवकाशात दाखवतो. स्मिथ रिसर्च या कंपनीचे 'रिअलायझर' हे यंत्र याच पायावर उभे आहे. आवाज हेडफोनमधून येत असूनही स्पीकर चालू राहिला की काय म्हणून लोक हेडफोन काढून पाहतात, अशी त्याची ख्याती. याला धूळफेक म्हणावयाचे, तर चष्म्याचा नंबर काढणाऱ्यालाही तेच म्हणावे लागेल.

किंमत हा आक्षेप मात्र खरा आहे. ते यंत्र हजारो डॉलरांचे. आपल्या निवृत्तिवेतनाच्या आवाक्यातले नव्हे. पण तत्त्व कोणाच्या मालकीचे नाही. 'इम्पल्सिफर' नावाची संगणकप्रणाली मोजणीचे आणि गाळणीचे काम विनामूल्य करते. बारीक मायक्रोफोनांची जोडी, साधा संगणक आणि एका दुपारची चिकाटी एवढे असले की भागते. अ‍ॅपलने २०२२ पासून फोनच्या कॅमेऱ्याने कानाचे चित्र घेऊन त्यावरून अंदाज बांधण्याची सोय दिली. तो अंदाजच, मोजणी नव्हे. आम्हा जुन्या महसुली माणसांच्या भाषेत, नजरअंदाज आणि साखळी टाकून केलेली मोजणी यांतला हा फरक आहे.

दुसरा एक आक्षेप कोणी घेतलेला नाही, पण घेता आला असता. १९९८ मध्ये हॉलंडमधल्या संशोधकांनी श्रोत्यांच्या बाह्यकर्णात साचे बसवून त्यांचा आकारच बदलला. सुरुवातीस त्यांना आवाज वर की खाली हे कळेना. काही आठवड्यांत ते पुन्हा कळू लागले. म्हणजे परके कानही अंगवळणी पडू शकतात. खरे आहे. परंतु त्या लोकांनी ते कान दिवसरात्र वागवले होते. संध्याकाळी तासभर हेडफोन लावणाऱ्याला ती सवलत मिळत नाही. आणि आमच्या पिढीपुरते एक सत्य उघड सांगितले पाहिजे, ते विकणारा कधी सांगत नाही: साठी उलटली की वरच्या पट्टीतले ऐकू येणे कमी होते आणि बाह्यकर्णाची लिपी नेमकी त्याच पट्टीत लिहिलेली असते. जे ऐकूच येत नाही ते कोणतीही मोजणी परत आणणार नाही. पण मंद्र आणि मध्य पट्टीतला दोन कानांमधला उशीर, खोलीचे पडसाद, मान हलली तरी स्थिर राहणारा आवाज, हे वयाबरोबर बरेच टिकते. त्याचा लाभ आपल्यालाही आहे.

येथे जुन्या एकवाहिनी ध्वनिमुद्रणांचा प्रश्न येतो. गदिमांचे शब्द आणि सुधीर फडके यांचे संगीत असलेले 'गीतरामायण' १ एप्रिल १९५५ पासून पुणे आकाशवाणीवरून प्रसारित होऊ लागले. एकूण ५६ गीते. याच फडक्यांनी आदल्या वर्षी आपल्या या भूमीच्या मुक्तीसाठी जिवावर उदार होऊन धाव घेतली होती, लता मंगेशकरांनी त्या कार्याला निधी मिळावा म्हणून पुण्यात गायन केले होते, आणि २ ऑगस्ट १९५४ रोजी सिल्वासा मुक्त झाले, हे या पत्रिकेच्या वाचकांना सांगावयास नको. त्या काळच्या मुद्रणात एकच वाहिनी आहे. तिच्यातून तबला डावीकडे, व्हायोलिने मागे आणि गायक डोक्यावर अशी पांगापांग करून देणारे कारागीर हल्ली निघाले आहेत. त्यांचा आम्ही निषेध करतो. जे मुद्रणात नाही ते त्यांनी कोठून आणले? मोजलेल्या कानांचे तंत्र येथे फार साधी, फार सभ्य गोष्ट करू शकते: तो एकच आवाज डोक्यातून बाहेर काढून समोर चार हातांवर, फळीवरच्या रेडिओच्या जागी नेऊन ठेवू शकते. ज्यांनी तो तसाच ऐकला त्यांना याहून अधिक काय हवे?

खरा मुद्दा याच्याही पुढे आहे. या मोजणीत कान जसा टिपला जातो तशी वास्तूही टिपली जाते. व्हेनिसचे 'ला फेनिचे' नाट्यगृह २९ जानेवारी १९९६ रोजी जळाले. त्याच्या थोडेच आधी तेथील ध्वनीची अशी दोन कानांची मापे घेतली गेली होती. पॅरिसच्या नोत्र दामची मापे २०१३ मध्ये घेतलेली होती, ती १५ एप्रिल २०१९ च्या आगीनंतर कामी आली. आणि आमच्याकडे? कोल्हापूरचे केशवराव भोसले नाट्यगृह शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभे केले, ध्वनिक्षेपक ठाऊक नसलेल्या काळात, नुसत्या गळ्याने शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचणाऱ्या नटांसाठी. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या दिवशी, ते आगीत सापडले. शासनाने पुनर्बांधणीचा निर्णय घेतला हे योग्यच झाले. दगड, कमानी, रंगमंचाची लांबीरुंदी नकाशावरून उभी राहील. जुने लाकूड, जुने छत, जुन्या खुर्च्या मिळून जो नाद घडत होता तो नुसत्या लांबीरुंदीतून पुरता उभा राहत नाही. त्याला मोजणीच लागते, आणि ती इमारत उभी असतानाच करावी लागते. पुण्याचे बालगंधर्व रंगमंदिर १९६८ चे. ते पाडून नवे संकुल बांधण्याच्या प्रस्तावावर वर्षानुवर्षे वाद झाला. पाडावे की राखावे यावर रकानेच्या रकाने भरले. पाडा वा राखा, आधी त्याचा आवाज मोजून ठेवा, एवढी मागणी अग्रभागी यावयास हवी होती. इमारतीचे छायाचित्र काढल्याशिवाय आम्ही तिच्यावर हातोडा पडू देत नाही. तिच्या नादाची मात्र नोंदवहीत ओळसुद्धा नसते.

आता घराजवळचे. आपल्या भोवतीच्या पाड्यांवर तारपा वाजतो तेव्हा तारपेवाला मधोमध असतो आणि हातांत हात गुंफलेली साखळी त्याच्याभोवती फिरते. ऐकणारा चालतो, वळतो, आणि आवाज त्याच्या एका कानावरून दुसऱ्यावर सरकत राहतो. तारपेवाल्याला मंचावर चढवून ध्वनिक्षेपकापुढे उभे केले की उरतो केवळ भोपळ्याचा सूर. वर्तुळ नाहीसे होते. हे वर्तुळ जपावयाचे तर ते कोणा एकाच्या कानांतून टिपून चालणार नाही, कारण मग ते इतरांना परकेच होणार. त्यासाठी चार वा अधिक कॅप्सूलांचे मायक्रोफोन असतात. ते आवाज दिशेसह साठवतात, आणि ऐकणाऱ्याच्या कानांचे माप त्यावर मागाहून चढवता येते. आज साठवा, नातवंडे आपापले कान लावून ऐकतील.

म्हणून येत्या वार्षिक सभेपुढे आम्ही एक प्रस्ताव पाठवीत आहोत. मंडळाने मायक्रोफोनांची एक जोडी आणि असा एक दिशादर्शी मायक्रोफोन घ्यावा. इच्छुक सभासदांचे कान मोजून द्यावेत. आणि पुढच्या पावसाळ्यानंतर, पाड्यावरच्या मंडळींची रीतसर परवानगी घेऊन आणि त्यांना योग्य मानधन देऊन, तारप्याचे एक संपूर्ण रात्रीचे ध्वनिमुद्रण वर्तुळाच्या आत उभे राहून करावे. प्रस्तावाचे सूचक आम्ही आहोत. अनुमोदकाची जागा मोकळी ठेवली आहे. गेल्या अंकाच्या लेखकांनी तेथे सही करावी आणि मोजणीसाठी पहिली खुर्चीही त्यांनीच घ्यावी, अशी त्यांना आमची विनंती आहे.