हिरवा रंग लावला म्हणजे शेती वाचली का?

राजेहो, आज पिकाची नोंद नाही. आज नकाशावर बोलू, कारण पीक कोणतं घ्यायचं हे आपण ठरवतो, पण वावर राहील की नाही हे नकाशा ठरवतो.

नागपूरच्या भोवतालची नऊ तालुक्यांतली 719 गावं महानगर क्षेत्रात गेली. त्यांचा विकास आराखडा 2018 च्या सुरुवातीला मंजूर झाला. ज्याचं वावर पिवळ्यात गेलं, त्याच्या दारी लेआउटवाले चहा प्यायला येऊ लागले. ज्याचं हिरव्यात राहिलं, त्याला सांगितलं गेलं की तुमची शेती आम्ही वाचवली.

वाचवली म्हणजे कशी, ते कोणी सांगावं मला. हिरव्या रंगानं दिवसा वीज येत नाही. पांधण पक्की होत नाही. एका धुऱ्याच्या अलीकडे हिरवं, पलीकडे पिवळं, आणि पलीकडचं पाणी अलीकडे.

आमच्या शिवाराचंच घ्या. वरच्या अंगाला एका लेआउटवाल्यानं मुरूम टाकून चार फूट भराव केला. सिमेंटचे रस्ते झाले, प्लॉट पडले, धुऱ्याकाठची चर बुजली. आपली काळी माती आधी भेगांतून पाणी पिते, पण एकदा फुगली की पिणं बंद. मग पाणी वरूनच वाहणार, आणि वाट नसली की साचणार. दोन-तीन दिवस पाण्यात उभी राहिलेली तूर मान टाकते. संत्र्याच्या बुडाशी पाणी राहिलं की फायटोप्थोरा, आपला डिंक्या, आलाच म्हणून समजा. कृषी सहायक येतो, बोर्डोपेस्ट लावा म्हणतो. लावतो ना भाऊ! पण रोग खोडात नाही, वरच्या भरावात आहे.

कायदा नाही असंही नाही. मामलतदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5 तहसीलदाराला नैसर्गिक पाण्याच्या आणि वहिवाटीच्या रस्त्याच्या आड आलेला अडथळा काढायचा अधिकार देतं. दावा सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो, हे लक्षात ठेवा, पुष्कळ जण इथंच चुकतात. पण त्या कलमातच मेख आहे. अडथळा कायदेशीर अधिकाराशिवाय उभा केलेला पाहिजे. समोरचा मंजुरीचा कागद काढून दाखवतो आणि आपण बसतो वकिलाच्या दारी. म्हणजे खरी वेळ मंजुरीची. त्या वेळी उताराच्या अंगाला ज्याचं वावर आहे त्याला विचारलं पाहिजे. माझी पहिली मागणी हीच, की गावनकाशातले नाले, चर आणि पांधणी लेआउटच्या नकाशावर दाखवल्याशिवाय आणि खालच्या शेतकऱ्याचं म्हणणं लिहून घेतल्याशिवाय मंजुरी देऊ नका.

हे फक्त खेड्याचं रडगाणं नाही. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे शहरात काही तासांत 100 मिमीच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदी लोकांच्या घरात शिरली. पाण्याला वाट ठेवली नाही की ते तहसीलदाराची परवानगी काढत बसत नाही.

आणखी एक गोष्ट मला खुपते. देशातली माती मोजणारी, कोणत्या जमिनीचा काय उपयोग करावा हे सांगणारी राष्ट्रीय संस्था, मृदा सर्वेक्षण आणि भूमि उपयोग नियोजन ब्युरो, आपल्या नागपुरातच अमरावती रोडवर आहे. खोल काळी कुठं, मुरमाड बरड कुठं, सगळं तिला ठाऊक. घरं बरडावर बांधा, कापूस-संत्रा खोल जमिनीवर राहू द्या, एवढं साधं शहाणपण. झोन ठरवताना मातीची खोली कितव्या नंबरवर असते, हे नियोजनाच्या साहेबांना विचारा. हायवेपासून अंतर किती, हे मात्र सगळ्यांना पाठ असतं.

आता पुढचं. सप्टेंबर 2025 मध्ये मंत्रिमंडळानं नवीन नागपूर मंजूर केलं. हिंगणा तालुक्यातलं गोधनी (रिठी) आणि लाडगाव, जवळपास 692 हेक्टर. सोबत 148 किमीचा बाह्य वळणमार्ग, रुंदी 120 मीटर. गुणाकार करून बघा, फक्त रस्त्याखाली 1,776 हेक्टर येतात. एकरात जवळपास 4,400.

शहर वाढू नये असं मी म्हणत नाही. माझ्याही घरी नोकरी शोधणारं पोरगं आहे. विकणाऱ्यालाही नाव ठेवत नाही. कापसाच्या भावानं ज्याला खालीच बसवलं त्यानं विकू नये तर काय करावं? माझं भांडण ठरवणाऱ्यांशी आहे. राज्यघटनेचं कलम 243 झेडई सांगतं की महानगराचा आराखडा करणाऱ्या समितीत किमान दोन तृतीयांश सदस्य नगरपालिकांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आणि पंचायतींच्या अध्यक्षांनी आपल्यातूनच निवडलेले पाहिजेत. प्राधिकरणाचे अध्यक्ष मात्र मुख्यमंत्री. आमचा सरपंच त्या टेबलापर्यंत पोचतो तो हार घेऊन.

आपल्या हातात काय? ज्यांच्या वावरावर 2018 पासून रस्त्याचं, मैदानाचं आरक्षण आहे, त्यांची 2028 मध्ये दहा वर्षं भरतात. मग एमआरटीपी कायद्याच्या कलम 127 खाली नोटीस देता येते आणि 24 महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण संपतं. कागद आतापासून जमवा.

आणि ग्रामसभा. 15 टक्के किंवा 100 मतदार, जे कमी असेल तेवढे जमले की गणपूर्ती झाली. न जमल्यानं तहकूब झालेली सभा पुढच्या वेळी गणपूर्तीशिवायही चालते, आणि गैरसोयीचे ठराव बरोबर त्याच दिवशी पास होतात. येत्या सभेत गावनकाशा भिंतीवर लावायला लावा. प्रत्येक नाला, प्रत्येक पांधण गट नंबरासह ठरावात लिहून घ्या, आणि प्रत एनएमआरडीएला देऊन पोच घ्या. ज्या गावानं असा ठराव आधीच केला असेल त्यांनी त्याचा फोटो खाली टाका, बाकीच्यांना नमुना होईल.