विजेची गळती आणि खटक्यावरील राग

पावसाळा सुरू झाला की शहरांतील अनेक घरांत एक ठरावीक प्रसंग घडतो. गीझर लावताच, कपडे धुण्याचे यंत्र सुरू करताच किंवा वरकरणी काहीही कारण नसता सारे घर अंधारात जाते. शेजाऱ्यांकडे दिवे असतात. मीटरजवळच्या पेटीतील एक खटका तेवढा पडलेला असतो. तो वर करावा तर पुन्हा पडतो. दोन-तीन वेळा असे झाले की वायरमनला बोलावणे जाते. त्यातले काही जण दोष शोधतात. पुष्कळ जण मात्र खटक्याला वगळून तारा परस्पर जोडून देतात आणि ‘खटकाच बाद झाला होता’ असा निर्वाळा देऊन निघून जातात. वीज येते, घरातील माणसे निश्चिंत होतात. वास्तविक त्या क्षणापासून ते घर पूर्वीपेक्षा अधिक धोक्यात आलेले असते.

हा खटका म्हणजे वायरमन मंडळींच्या तोंडी अद्याप रुळलेला ‘ईएलसीबी’; नव्या उपकरणांवर ‘आरसीसीबी’ अशी अक्षरे असतात. त्याचे काम एखाद्या काटेकोर हिशेबनिसासारखे आहे. फेजच्या तारेने जेवढी वीज घरात गेली तेवढीच न्यूट्रलच्या तारेने परत आली पाहिजे, एवढेच तो पाहतो. जमा आणि खर्च यांत तफावत पडली, म्हणजे काही वीज तिसऱ्याच वाटेने जमिनीत जात आहे, असे तो समजतो आणि पुरवठा तोडतो. ही तिसरी वाट यंत्राच्या पत्र्यातून अर्थिंगच्या तारेकडे जाणारी असेल, ओल्या भिंतीतून असेल किंवा माणसाच्या शरीरातून असेल. खटक्याला हा भेद कळत नाही, आणि कळण्याची गरजही नाही.

घरगुती वापराच्या खटक्यासाठी ही तफावत ३० मिलिअँपिअर, म्हणजे एका अँपिअरच्या शंभराव्या भागांपैकी तीन भाग, ठरविलेली आहे. हा आकडा माणसाच्या हृदयाकडे पाहून ठरला. सुमारे १० मिलिअँपिअरच्या पुढे स्नायू आखडतात आणि हातातील वस्तू सोडवत नाही. ३० च्या पुढचा प्रवाह काही काळ छातीतून वाहिला तर हृदयाची लय बिघडून मृत्यू ओढवू शकतो. ओल्या अंगाच्या माणसाने २३० व्होल्टच्या तारेला स्पर्श केला तर त्याच्या शरीरातून दोनशेहून अधिक मिलिअँपिअर वाहू शकतात. एवढ्या गळतीला चांगला खटका सेकंदाच्या पंचविसाव्या भागात पडतो. उलट, पेटीतील १६ अँपिअरचा साधा एमसीबी अतिभाराने तार जळू नये यासाठी असतो. ३० मिलिअँपिअरच्या पाचशेपटीहून अधिक वीज तो बिनतक्रार वाहू देतो. माणूस तारेला चिकटून मेला तरी तो एमसीबी जागचा हलणार नाही. ‘पेटीत एमसीबी आहे, मग आणखी खटका कशाला?’ या प्रश्नाचे उत्तर यात आहे.

मग तो पावसाळ्यातच अधिक का पडतो? गीझर, इस्त्री यांच्या तापणाऱ्या नळीत तार आणि बाहेरचे धातूचे कवच यांमध्ये एक पांढरी भुकटी भरलेली असते. ती वीज अडविते, पण हवेतील ओल शोषून घेते. नळीचे तोंड नीट बंद नसेल आणि यंत्र महिनोन्‌महिने बंद पडून असेल, तर ती ओलसर होऊन गळती सुरू होते. दुसरे कारण बेरजेचे. संगणक व तत्सम उपकरणांतून अगदी निर्दोष अवस्थेतही मिलिअँपिअर-दोन मिलिअँपिअर वीज अर्थिंगकडे झिरपते. अशी अनेक उपकरणे एकाच खटक्यावर आली की थोड्याशा निमित्ताने मर्यादा ओलांडली जाते. ३० चा खटका १५ च्या पुढे केव्हाही पडू शकतो. तिसरे कारण जोडणीतील गलथानपणाचे. इन्व्हर्टर बसविताना त्याचा न्यूट्रल भलत्याच न्यूट्रलशी जोडला जातो, हिशेब चुकतो, आणि काहीही बिघडलेले नसता घरात अंधार होतो.

ही तक्रार केवळ इथलीच नाही. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने १९९२ पासून नव्या घरांत असा खटका सक्तीचा केला. त्या देशात सहलीसाठी मोटारीमागे जोडून नेण्याच्या फिरत्या घरांचा, म्हणजे कॅराव्हॅनचा, मोठा प्रघात आहे. महिनोन्‌महिने उभी असलेली कॅराव्हॅन मुक्कामी नेऊन तेथील विजेला जोडली की खटका पडतो, आणि दोष बहुधा पाणी तापविण्याच्या ओलसर नळीचा किंवा शीतपेटीचा निघतो. कोकणातील चार महिने बंद असलेल्या घराचा अनुभव याहून निराळा नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स डॅलझिएल यांनी विजेचा प्रवाह आणि मानवी शरीर यांचा दीर्घ अभ्यास करून १९६१ मध्ये अशा खटक्याची रचना सिद्ध केली. तेव्हापासून त्याच्यावरील राग आणि त्याची उपयुक्तता ही दोन्ही बरोबरच वाढत आली आहेत.

या रागात तथ्य नाही असे नव्हे. सबंध घरासाठी एकच खटका असेल तर न्हाणीघरातील गीझरच्या दोषापायी फ्रीजमधील अन्न नासते, परीक्षेच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याचा दिवा जातो, आजाऱ्याचे यंत्र बंद पडते. तथापि त्यावरचा उपाय खटका काढून टाकणे हा नव्हे. घरातील जोडण्या दोन-तीन गटांत विभागून प्रत्येकाला स्वतंत्र खटका देणे हा आहे. एका खटक्याचा खर्च साध्या मिक्सरच्या किमतीहून फारसा अधिक नाही. दोष शोधणेही अवघड नसते. सर्व उपकरणांचे प्लग काढावेत, नुसती बटणे बंद करून भागत नाही. मग खटका वर करून एकेक उपकरण लावीत जावे. ज्याला लावताच खटका पडेल ते उपकरण गुन्हेगार. काहीही न लावता पडत असेल तर दोष भिंतीतील तारांत आहे आणि ते जाणकाराचे काम आहे.

या विषयाची खरी गंभीरता कळण्यासाठी विदर्भातील उन्हाळा पाहावा. पत्र्याचा कूलर, त्यात पाणी, त्यातच विजेचा पंप, भोवती ओली फरशी आणि अनवाणी वावरणारी मुले. कूलरच्या पत्र्यात वीज उतरून माणसे दगावल्याच्या बातम्या येतात आणि महावितरणची सावधगिरीची आवाहने प्रसिद्ध होतात. यांतील पुष्कळ घरांत अर्थिंग केवळ नावाला असते. जुन्या काळी अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधीत. नळ प्लॅस्टिकचे झाले आणि तार जागच्या जागी राहिली, पण ती जमिनीपर्यंत पोचेनाशी झाली. अर्थिंगचा रोध ५० ओहम असला तरी पत्र्यात उतरलेली वीज जेमतेम साडेचार अँपिअर वाहते. एमसीबी पडत नाही आणि पत्रा जिवंतच राहतो. अशा ठिकाणी गळतीवर पडणारा खटका हाच अखेरचा पहारेकरी उरतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अलीकडच्या वार्षिक अहवालांत विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची देशातील संख्या दहा हजारांच्या वर दिसते. हे सारेच मृत्यू घरांतील नव्हेत, आणि प्रत्येक ठिकाणी हा खटका उपयोगी पडला असता असेही नव्हे. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकाच वेळी हाती धरणाऱ्याला तो वाचवीत नाही; रस्त्यावर तुटून पडलेल्या तारेशी त्याचा संबंध नाही. पण गीझर, कूलर, पाण्याचा पंप यांपायी जाणारे जीव त्याच्या आवाक्यातले आहेत. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांनी घरगुती जोडणीसाठी ३० मिलिअँपिअरची मर्यादा घातली, परंतु ५ किलोवॉटहून कमी भाराच्या सिंगल फेज जोडण्यांना त्यातून सूट ठेवली होती. २०२३ मध्ये त्या नियमांची जागा नव्या नियमावलीने घेतली. त्या सुटीचा व्यावहारिक अर्थ मात्र ध्यानात ठेवण्यासारखा आहे. लहान भार म्हणजे लहान घर, पत्र्याची खोली, भाड्याची जागा; जेथे फरशी ओली असते आणि अर्थिंग कच्चे असते. ज्याला संरक्षणाची सर्वांत अधिक गरज, त्यालाच नियमाने मोकळे सोडले होते.

यास्तव काही गोष्टी नियमाची वाट न पाहता झाल्या पाहिजेत. घर भाड्याने देणाऱ्याने रंगरंगोटीआधी हा खटका बसवावा. गृहनिर्माण संस्थांनी इमारतीच्या अर्थिंगची मोजणी करून घ्यावी. शाळा, वसतिगृहे आणि कचेऱ्या यांतील पाणी थंड करणारी पोलादी यंत्रे स्वतंत्र खटक्यावर असावीत. शेकडो हात रोज त्यांना लागतात. खटक्यावर तपासणीचे एक लहान बटण असते. महिन्यातून एकदा ते दाबून खटका पडतो की नाही हे पाहावे, कारण वर्षानुवर्षे न हललेला खटका ऐन वेळी अडकून बसण्याचा संभव असतो. वायरमनला बोलावल्यावर वीज आली की नाही एवढेच विचारून कोणी थांबू नये. खटका कशामुळे पडत होता, या प्रश्नाचे उत्तर मिळाल्यावाचून त्याची मजुरी चुकती करू नये.