गजकर्णावर ती ट्यूब लावू नका

पावसाळा लागला की मेडिकलच्या काउंटरवर एक संवाद हमखास कानी पडतो. "खाजेची ट्यूब द्या." गिऱ्हाईक आवाज खाली आणतं, कारण जागा जांघेतली असते. दुकानदारही जास्त खोदून विचारत नाही. ट्यूब पुढे सरकते, पैसे दिले जातात, विषय संपतो. नागरिकहो, हे आवाहन याच व्यवहाराबद्दल आहे.

गजकर्ण, नायटा, दाद. नाव काहीही घ्या, हा बुरशीचा संसर्ग आहे. तो मांड्यांत, कमरेच्या नाडीखाली, काखेत, स्तनांखाली, जिथे घाम साचतो तिथे येतो. आणि काउंटरवरून मिळणाऱ्या ट्यूबमध्ये बहुतेक वेळा बुरशीचं औषध एकटं नसतं. त्यात जिवाणूंवरचं एखादं औषध असतं आणि क्लोबेटासोल किंवा बेटामेथासोनसारखं जोरदार स्टिरॉइड असतं. खरी अडचण या स्टिरॉइडची आहे.

खाज आणि लाली म्हणजे बुरशीला हुसकावण्यासाठी शरीराने चालवलेली धडपड. स्टिरॉइड ती धडपडच बंद पाडतं. दोन दिवसांत खाज थांबते, डाग फिका पडतो, आणि माणूस म्हणतो, "गुण आला." बुरशी मात्र तिथेच असते आणि आता तिला अडवणारं कोणी नसतं. ट्यूब बंद केली की आठवड्याभरात खाज परत येते, या वेळी पोटावर, पाठीवर, कधी चेहऱ्यावरही. पुन्हा तीच ट्यूब आणली जाते. असे महिने जातात. मग गोल कड असलेला ओळखीचा चट्टा उरतच नाही, आणि डॉक्टरांनाही तो पटकन ओळखू येत नाही.

शिवाय जांघेतली कातडी पातळ. तिथे औषध जास्त मुरतं. सतत स्टिरॉइड लावल्याने मांड्यांवर पडलेले रुंद पट्टे पुढे फिके होतात, पण पुसले जात नाहीत. विशी-बाविशीतल्या मुलांच्या मांडीवर हे पट्टे दिसतात तेव्हा वाईट वाटतं, कारण त्यातले बरेच टाळता आले असते.

याची झळ आता एकेका घरापुरती राहिलेली नाही. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला दाद न देणारी बुरशी आपल्याकडे पसरली आहे. जपानमधल्या संशोधकांनी २०२० साली या जातीला नाव दिलं, 'ट्रायकोफायटन इंडोटिनी'. त्यांनी तपासलेले नमुने भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांचे होते. आपल्या देशाचं नाव असं एका खाजेला चिकटावं, हे काही भूषण नव्हे. २०२३ मध्ये याच बुरशीच्या न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. पूर्वी दोन-तीन आठवड्यांत आटपणारा आजार आज अनेकांना काही महिने पुरतो. अर्धवट उपचार आणि स्टिरॉइडमिश्रित मलमांचा मुक्त वापर, ही त्यामागची मोठी कारणं असल्याचं त्वचारोगतज्ज्ञ वर्षानुवर्षं सांगत आहेत.

कायदा नाही असंही नाही. केंद्र सरकारने २०१८ साली चौदा स्टिरॉइड मलमं शेड्यूल एचमध्ये आणली. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती विकता येत नाहीत. औषधविक्रेत्या बंधूंनो, नियम तुम्हाला आमच्यापेक्षा चांगला ठाऊक आहे. गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल ही भीती खरी असेल. तरी "यात स्टिरॉइड आहे, आधी डॉक्टरांना दाखवा" एवढं वाक्य उच्चारायला काही लागत नाही.

एक खुलासा इथेच करायला हवा. स्टिरॉइड म्हणजे विष नव्हे. इसब, सोरायसिस अशा आजारांत डॉक्टर ते विचारपूर्वक देतात, तिथे ते हवंच. डॉक्टरांनी दिलेलं औषध हा मजकूर वाचून परस्पर बंद करू नका. आणि गोरेपणासाठी किंवा पिंपल्ससाठी कोणाच्या सांगण्यावरून चेहऱ्याला अशी ट्यूब महिनोन् महिने लावत असाल, तर एकदम थांबवल्यावर चेहरा लालबुंद होऊन आग होऊ शकते. ट्यूब पिशवीत टाका, डॉक्टरांसमोर ठेवा, किती दिवस लावली ते खरं सांगा. लाजू नका, त्यांनी हे रोज पाहिलेलं असतं.

आता घरातलं. बुरशीला ओल आणि ऊब हवी असते, आणि मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात दोन्ही फुकट मिळतात. लोकलमध्ये भिजलेली जीन्स संध्याकाळपर्यंत अंगावरच वाळते. तिथून सुरुवात होते. घरी आल्यावर पहिलं काम ओले कपडे उतरवण्याचं, चहा नंतर. आंघोळीनंतर जांघा, काखा, पायाच्या बोटांमधली जागा टिपून कोरडी करा आणि मगच कपडे घाला. आतले कपडे सुती, सैल आणि रोज धुतलेले हवेत. ऊन नसेल आणि कपडे दोरीवर दमटच राहत असतील, तर उलट्या बाजूने, शिवणीवरून, कडक इस्त्री फिरवा. भातलावणीच्या दिवसांत चिखलात उभं राहावं लागतं, ते टळणार नाही. पण रात्री पाय धुऊन बोटांच्या बेचक्या पुसायला विसरू नका, म्हणजे चिखल्यांचा त्रास बराच कमी होतो.

टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. हे ऐकायला सोपं आणि आपल्या घरांत सगळ्यात अवघड, कारण एकाच पंच्याने चार जण अंग पुसतात आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. वसतिगृहात, भरतीच्या सरावाला एका खोलीत राहणाऱ्या मुलांत टॉवेल, बनियन, चड्डीसुद्धा फिरते. बाधा झालेल्याचे कपडे आणि चादर वेगळी, गरम पाण्यात धुवा. घरात दोघातिघांना खाज असेल तर सगळ्यांनी एकाच वेळी दाखवा. एकटा बरा झाला तर आठवड्यात पुन्हा त्याच गादीवरून घेऊन येतो.

लसूण चोळणं, चुना लावणं, जंतुनाशक पाणी न घालता तसंच ओतणं, हे उपाय कोणी आजीच्या नावाने सांगेल. त्याने कातडी भाजते, बुरशी जात नाही.

डॉक्टरांनी साधं बुरशीविरोधी मलम दिलं असेल तर ते चट्ट्याच्या कडेबाहेरही दोन सेंटिमीटर लावा, कारण बुरशी कडेने पुढे सरकते. डाग गेला म्हणून त्याच दिवशी थांबू नका. सांगितलेली मुदत पुरी करा. गर्भवती, स्तनपान देणाऱ्या, मधुमेही आणि लहान बाळं यांनी तर सुरुवातीपासूनच डॉक्टरांच्या सल्ल्याने जावं. नेहमीचं औषध लागू न पडल्यास चट्टा खरवडून तपासणी करायची का, हेही त्यांनाच विचारा.

आज रात्री घरातला औषधांचा डबा उघडा. प्रत्येक मलमाच्या खोक्यावर बारीक अक्षरांतली नावं वाचा. क्लोबेटासोल, बेटामेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं दिसलं आणि ते डॉक्टरांनी तुम्हाला लिहून दिलेलं नसेल, तर ते कोणालाही लावायला देऊ नका, शेजाऱ्यालाही नाही. खाज असेल तर उद्या सकाळी जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा त्वचारोगतज्ज्ञाकडे नाव नोंदवा.