एव्हरेस्टवर खरी परीक्षा उतरताना का असते?

मे महिना आला की एव्हरेस्टवरच्या रांगेचे फोटो मोबाईलवर फिरू लागतात. खाली एक कमेंट ठरलेली असते, 'गर्दी आहे तर महिनाभर थांबा की!'

पण तिथे थांबता येत नाही. का ते बघू.

मे महिनाच का?

एव्हरेस्टची उंची ८,८४८.८६ मीटर. वर्षातला बराच काळ माथ्यावर जेट स्ट्रीम, म्हणजे अतिउंचावरचे वेगवान वारे घोंघावत असतात. मे महिन्यात हा पट्टा उत्तरेकडे सरकू लागतो आणि वारा काही दिवस पडतो. जूनमध्ये मॉन्सून पोचला की बर्फवृष्टी सुरू होते. सांगोल्यात आपण ज्या पावसाची वाट बघतो, तोच तिथे चढाईचा हंगाम संपवतो. मग मधल्या मोजक्या दिवसांत सगळेच निघतात.

२०१९ मध्ये काय झालं?

त्या वर्षी नेपाळने ३८१ परवाने दिले होते. शिवाय सोबतीला शेर्पा. चांगल्या हवेचे दिवस कमी मिळाले आणि दोरावर रांग लागली. आपल्या शेजारच्या माळशिरस तालुक्यातल्या अकलूजचा २७ वर्षांचा निहाल बागवान २३ मे रोजी शिखरावरून परतताना गेला. तो १२ तासांहून जास्त वेळ गर्दीत अडकला होता, असं मोहिमेच्या आयोजकांनी सांगितलं होतं.

उतरणं अवघड का?

माथ्यावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या एक तृतीयांश असतो. सिलिंडरमधला ऑक्सिजन तासांच्या हिशेबाने नेलेला असतो. रांगेत उभं राहिलं तरी तो संपतच असतो. चढताना अंगातली ताकद गेलेली, त्यात उतरायला तोच दोर, आणि समोरून वर येणारी माणसं. खाली खुंबू हिमप्रपात पार करायचाच असतो. मे अखेरीस उन्हाने तिथला बर्फ आणखी सैल होतो.

मग उपाय काय?

नेपाळने सप्टेंबर २०२५ पासून वसंत हंगामाची फी ११,००० डॉलरवरून १५,००० डॉलर केली. पण फी वाढल्याने रांग कमी होईलच असं नाही. लाखो रुपये जमवून गेलेल्या माणसाला शिखर समोर दिसत असताना मागे फिरणं आणखी जड जातं.

म्हणून अनुभवी गिर्यारोहक परतीची वेळ आधीच ठरवतात. ती झाली की शिखर शंभर मीटरवर असलं तरी मागे वळायचं. आपण मात्र हार-तुरे फक्त शिखर गाठणाऱ्यालाच घालतो. वेळेत मागे फिरून सुखरूप घरी आलेल्याचंही तेवढंच कौतुक व्हायला हवं.