पोकळी जमिनीत नव्हे

नांदेडमध्ये २००६ पासून जमिनीखालून आवाज येऊ लागले. ते उथळ, लहान भूकंपांचे होते; तरी ‘बोअर घेऊन घेऊन जमीन पोकळ झाली’ हे आपल्या धर्मग्रामातही ऐकू आले. या कल्पनेला विद्वानांचेही कूळ आहे. येशूसंघीय फादर किर्खर यांनी १६६५ मध्ये पृथ्वीच्या पोटात अग्निकुंडे रेखाटली. १६९२ मध्ये हॅली यांनी कवचात कवच कल्पिले. १८६४ मध्ये ज्यूल व्हर्न यांनी भूगर्भातील प्रवासावर कादंबरी रचली, आणि अशा कल्पना तेथेच शोभतात. कादंबरी वाचकाला फसवत नाही, जमिनीखाली नरकाचा पत्ता सांगणारा प्रवचनकार (आमच्यातलाही!) मात्र फसवतो.

किल्लारीच्या भूकंपानंतर शास्त्रज्ञांनी तेथे ६१७ मीटर खोल विंधन घेतले. वर ३३८ मीटर काळा बेसॉल्ट, त्याखाली गाळाचा पातळ थर, मग ग्रॅनाइटजातीचा कठीण खडक. पोकळी कोठे आहे? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी हजारो माणसे गेली, ती मुख्यतः मातीत रचलेल्या जड दगडी भिंती अंगावर कोसळून. पाताळाला दोष दिला की गवंड्याला कोणी जाब विचारीत नाही. अनेक गावांत लेकरे अजूनही तशाच भिंतीच्या कडेला निजतात.